गावच्या बैठकीच्या खोलीसाठी काचेच्या दाराची बंद शेगडी

अंधार लवकर पडणाऱ्या महिन्यांत जो तो आपल्या घरात दार लावून बसतो. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून खोली ठेवली असेल, तर तिथे लाकडावर चालणारी, धुराड्याला जोडलेली बंद शेगडी जरूर घ्यावी. उघड्या चुलाण्यात बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाते. चांगल्या बंद शेगडीत लाकडातली ७० ते ८० टक्के ऊब खोलीला मिळते.

घेताना सर्रास होणारी चूक म्हणजे गरजेपेक्षा मोठी शेगडी. ८ बाय ६ मीटरच्या, बऱ्यापैकी बंदिस्त खोलीला ढोबळ हिशेबाने ९ किलोवॅट लागतात. पण बसलेला माणूस स्वतःच साधारण १०० वॅट ऊब देतो. वीस जण जमले की २ किलोवॅट तिथेच झाले, म्हणून ७ किलोवॅटची शेगडी पुरते. मोठी घेतली तर उकडतं, मग कुणीतरी हवेची झडप पार बंद करतं, लाकूड धुमसतं आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचतो. धुराड्याला आग लागते ती याच थरामुळे. वर्षातून एकदा, हंगामाआधी, धुराडं साफ करून घ्यायलाच हवं.

बिडाची की पोलादी पत्र्याची? रोज दिवसभर पेटणार असेल तर बीड. ते उशिरा तापतं, उशिरा निवतं. तीन-चार तासांच्या बैठकीला मात्र पत्र्याचीच बरी, कारण ती लवकर तापते. तरीही माणसं यायच्या तासभर आधी पेटवावी. गार खोलीत आलेला माणूस अंगातला कोट काढत नाही आणि लवकर उठतो.

पेटवणं वरून खाली. तळाशी दोन-तीन फोडलेली लाकडं थोडी फट ठेवून, वर दहा-बारा काटक्या, सगळ्यात वर पेटवण. झडपा पूर्ण उघड्या. जाळ नीट धरला की खालची हवा कमी करावी, वरची चालू ठेवावी. नंतर निखाऱ्यांवर एका वेळी एक-दोनच लाकडं. चार तासांना ९ ते १० किलो सरपण धरावं, तेही २० टक्क्यांहून कमी ओलीचं. ताजं तोडलेलं लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळं ठेवून एक-दोन वर्षं वाळवावं लागतं. काच काळी पडत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे. दार घट्ट बसतं का, हेही दारात कागदाची पट्टी धरून दार लावून पाहावं. ती सहज ओढली गेली तर दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदलायला झाली.

काचेच्या दाराला थोडे जास्त पैसे पडतात, ते खुशाल द्यावेत. जाळ दिसला की माणसं आपोआप त्याच्याकडे तोंड करून बसतात आणि बोलण्यात मध्ये पडलेली शांतता अवघड वाटत नाही. खुर्च्या अर्धगोलात, पहिली रांग दीड मीटरवर. छताचे पांढरे दिवे बंद करून कोपऱ्यात एखादा पिवळसर दिवा पुरे.

विजेच्या हीटरला माणूस लागत नाही, शेगडीला लागतो. बैठकीसाठी ही मोठीच जमेची बाजू. दर संध्याकाळी दोघांची पाळी लावावी आणि त्यात एकट्या राहणाऱ्यांना आवर्जून घ्यावं. ‘या ना बसायला’ म्हटलं तर माणूस संकोचतो. ‘गुरुवारी शेगडी तुमच्याकडे’ म्हटलं की वेळेआधी हजर होतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म आणि बाहेरची हवा आत घेणारा झरोका दोन्ही हवेत. थंडी येते म्हणून झरोक्यात कापड कोंबलेलं दिसलं तर ते तिथल्या तिथे काढावं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, इमारतीपासून दूर ठेवावी. तिच्यातले निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. सगळी राख मात्र काढू नये. तळाला दोनेक सेंटिमीटर राहू दिली तर पुढच्या वेळी जाळ लवकर धरतो.