तलाठी खरा होता, वाटप आदेश खोटा निघाला

माझे वडील सैन्यातून निवृत्त झाले तेव्हा राहत्या घराच्या जागेखेरीज आमच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती. शासकीय जमिनींच्या विल्हेवाटीच्या 1971 च्या नियमांत माजी सैनिकांना शेतीसाठी जमीन देण्याची तरतूद असल्याने त्यांनी 1998 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. 2009 मध्ये ते वारले. त्यानंतर आई आणि मी कितीतरी वेळा त्या अर्जाची चौकशी केली, पण दर वेळी फाइल दुसऱ्याच टेबलावर असल्याचे सांगण्यात येई.

2017 च्या मार्चमध्ये आमच्या सज्जाच्या तलाठ्याने स्वतःहून आईला बोलावून घेतले. वडिलांच्या अर्जाची प्रत त्याच्याकडे होती, आणि आमचा विश्वास बसला तो त्या प्रतीमुळेच. गावाशेजारी 1 हेक्टर 20 आर शासकीय जमीन शिल्लक आहे, विधवा पत्नी म्हणून तुमचा हक्क पहिला आहे, कब्जेहक्काची रक्कम, म्हणजे जमिनीपोटी शासनाला भरायचे पैसे, आणि "वरचा खर्च" मिळून 3,40,000 रुपये होतील, असे त्याने सांगितले. रक्कम त्याने स्वतः घेतली नाही. त्याच्या कार्यालयात रोज बसणाऱ्या, कागद लिहून देणाऱ्या एका मध्यस्थाकडे ती दोन हप्त्यांत रोख द्यायला लावली. "वरचा खर्च" म्हणजे लाच, हे आम्हाला कळत होते, आणि हे लिहिताना ते मी लपवू इच्छित नाही. वीस वर्षे न हललेली फाइल पैसे दिल्याशिवाय हलणारच नाही, असे आम्ही मनाशी धरून चाललो होतो. पहिल्या हप्त्यासाठी आईने आपल्या पाटल्या मोडल्या.

दोन महिन्यांनी आम्हाला वाटप आदेश मिळाला. त्यावर जावक क्रमांक, गोल शिक्का आणि सही होती; जमीन भोगवटादार वर्ग-2 म्हणून दिली असून परवानगीशिवाय विकता येणार नाही, अशी अटही व्यवस्थित लिहिलेली होती. मंडळ अधिकारी शेतावर आले, त्यांनी टेप लावून चार कोपरे दाखवले आणि पंचनाम्यावर गावातल्या दोघांच्या सह्या घेतल्या. सातबारा मात्र हस्तलिखित दिला गेला. त्या काळात संगणकीकृत सातबारांच्या दुरुस्तीचे काम सर्वत्र चालू होते, त्यामुळे "तुमचा गट अजून रिएडिटमध्ये अडकला आहे" हे तलाठ्याचे उत्तर आम्हाला पटले. आम्ही बांध घातले, नांगरट केली आणि खरिपात तूर पेरली.

पुढच्या वर्षी शासकीय जमिनीवर अतिक्रमण केल्याबद्दल, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 50 प्रमाणे, आम्हालाच नोटीस आली. तो गट गावाचे गायरान होता. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि त्याला अनुसरून राज्य शासनाने 12 जुलै 2011 रोजी जो निर्णय काढला, त्यानंतर गायरान एखाद्या व्यक्तीला देण्याचा मार्ग बंद झालेला होता. ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. तलाठ्याला मात्र ती माहीत नसणे शक्यच नव्हते.

मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज केला आणि त्या जावक क्रमांकाच्या नोंदीची प्रत मागितली. आमच्या आदेशावरचा क्रमांक जावक नोंदवहीत एका भलत्याच गावच्या पाणीटंचाईच्या पत्राचा होता. फेरफाराच्या नोंदवहीत आमच्या नावाची नोंदच नव्हती. कब्जेहक्काची रक्कम कोषागारात भरल्याचे चलन कुठेही नव्हते, कारण ते कधी काढलेच गेले नव्हते. वडिलांचा अर्ज तर 2004 मध्येच "अर्जदार चौकशीस हजर राहिले नाहीत" असा शेरा मारून निकाली काढला होता, आणि चौकशीची नोटीस बजावल्याची पोच त्या फाइलमध्ये नव्हती. या शेवटच्या गोष्टीचा मला पैशांपेक्षाही अधिक संताप येतो. ज्या माणसाने देशासाठी नोकरी केली, त्याला न कळवता त्याचा हक्काचा अर्ज बंद करण्यात आला, आणि पुढे त्याच अर्जाची प्रत त्याच्या विधवेला लुबाडण्यासाठी वापरली गेली.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने आमचा जबाब घेतला, पण सापळा लावण्यासाठी लाचेची मागणी चालू असावी लागते आणि आम्ही तर सगळी रक्कम देऊन बसलो होतो. पोलिसांत बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. तो मध्यस्थावर आहे, कारण पैसे त्याने घेतले होते. तलाठ्याची बदली झाली. पंचनामा आपण केलाच नाही, असे मंडळ अधिकारी म्हणतात.

म्हणून ज्यांच्याकडे अशी मागणी आज होत आहे, त्यांनी पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर कळवावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच कायद्याचे संरक्षण मिळते. समोरचा माणूस खरा अधिकारी आहे, तो खऱ्या कार्यालयात खऱ्या खुर्चीवर बसलेला आहे, एवढ्यावर आम्ही थांबलो आणि तिथेच फसलो. जमीन देण्याचा अधिकार तलाठ्याला किंवा मंडळ अधिकाऱ्याला नसतो. आदेश हातात पडला त्याच दिवशी मी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तो जावक नोंदवहीशी ताडून पाहिला असता, गाव नमुना 1-ब मध्ये, म्हणजे गावातल्या शासकीय जमिनींच्या नोंदवहीत, तो गट कशासाठी राखलेला आहे हे वाचले असते, चलनाची प्रत आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची "क" प्रत मागितली असती, तर निदान दुसरा हप्ता तरी वाचला असता.

उभी तूर सोडून आम्ही ती जमीन रिकामी केली. आईने गेल्या वर्षी स्वतःच्या नावाने नवा अर्ज केला. या वेळी आवक शिक्का आणि क्रमांक असलेली पोच हातात घेतल्याशिवाय ती खिडकीवरून हलली नाही. ती पोच वडिलांच्या डिस्चार्ज बुकात ठेवलेली आहे. उत्तर अजून आलेले नाही.