पाटोवरच्या लायब्ररीचं कार्ड: पावसाळा ते शिगमो, वापरानंतरचा अनुभव

पणजीत पाटोवर असलेल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचं कार्ड मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर काढलं. आता शिगमो, म्हणजे आपला गोव्याचा शिमगा, उलटून गेला. मधल्या काळात पुस्तकांची ने-आण नेमाने चालू आहे, कादंबऱ्याच जास्त. ओळखीतल्या दोघी-तिघींनी "काढावं का गं कार्ड?" असं विचारलं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगते. नवी, गाजत असलेली कादंबरी हवी असेल तर सरळ विकत घ्या. ती कुठल्याही लायब्ररीत सगळेच मागत असतात. पण गोव्याच्या मातीतली जुनी मराठी कादंबरी, जिची आवृत्ती संपून जमाना झाला, ती वाचायची तर लायब्ररीशिवाय गत नाही. पुस्तकांच्या दुकानात गोवा शोधायला गेलं की समुद्रकिनारे, जुनी घरं आणि पाककृती हाती लागतात. आपल्या आज्या-पणज्या काय बोलत होत्या, कशाला भीत होत्या, कुणाच्या दारात जायला त्यांना मनाई होती, हे सगळं कपाटांच्या मागच्या रांगांत आहे, पाठीवरची अक्षरं उडालेल्या पुस्तकांत.

मी चोडण बेटावर राहते, नोकरी पणजीत. सकाळी फेरीबोटीने रायबंदर, तिथून बस, आणि पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या त्या लांबलचक बांधावरून पाटो. लायब्ररी या वाटेवरच पडते. कदंब बसस्टँडवरूनही चालत जाता येतं. कार्ड काढायच्या आधी प्रत्येकीने हेच बघावं असं मी म्हणेन. रोजच्या वाटेवरची लायब्ररी टिकते. मुद्दाम वेळ काढून जावी लागणारी लायब्ररी, मग ती कितीही मोठी असो, घरात पाहुणे आले, मुलांच्या परीक्षा आल्या, चवथ (गणेशचतुर्थी) आली की मागे पडते.

ही लायब्ररी साधीसुधी नाही. १८३२ साली 'पब्लिका लिव्रारिया' या नावाने ती सुरू झाली, म्हणजे देशातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. पाटोच्या आताच्या इमारतीत येण्याआधी ती मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूत होती. ज्यांच्या नावाने ती आज ओळखली जाते ते कृष्णदास शामा केळशीचे. त्यांनी १५२६ मध्ये भागवताच्या दशम स्कंधावरून मराठीत कृष्णकथा ओवीबद्ध केली. सोळाव्या शतकातला आपल्याकडचा एक माणूस मराठीत लिहीत होता आणि त्याचं नाव आज या दारावर आहे, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. आत शिरताना अजूनही पाटीकडे नजर जातेच.

आता पुस्तकं कशी सापडतात ते. यादी घेऊन जाऊ नका. म्हणजे यादी खिशात असू द्या, पण आधी कपाटांपुढे उभं राहा. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, आणि त्यात कादंबरीचा ८९१.४६३. एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही शहरातल्या, या पद्धतीने लावलेल्या लायब्ररीत मराठी कादंबऱ्यांच्या रांगेपुढे कुणाला न विचारता पोचता येतं. तिथे उभं राहिलं की ओळखीच्या नावाशेजारी अनोळखी पुस्तक दिसतं.

मला बा. भ. बोरकरांची 'भावीण' अशीच मिळाली. बोरकर म्हणजे कविता, हे शाळेपासून डोक्यात पक्कं. त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या आहेत हे ऐकून माहीत होतं, पण पुस्तक हातात कधी आलं नव्हतं. देवळाच्या सेवेत आयुष्य बांधल्या गेलेल्या स्त्रीची कादंबरी एका कवीने, आपल्याच बोरी गावच्या माणसाने, १९५० च्या सुमारास लिहावी! मी ती चार-पाच दिवसांत संपवली आणि लगेच परत केली नाही. सासूबाईंना वाचून दाखवायची होती.

सासूबाईंना आता बारीक टाइप दिसत नाही. रात्रीची जेवणं आटोपली की त्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसतात. नववीतली माझी मुलगी वाचते, आम्ही दोघी ऐकतो. मुलीचं शिक्षण आता इंग्रजीतून आहे. सुरुवातीला ती जोडाक्षरांवर अडखळायची आणि आजी पुढचा शब्द अंदाजाने पुरवायची. 'भावीण' चालू असताना एका रात्री सासूबाई मधेच म्हणाल्या, "थांब गं जरा." मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या गावातल्या एका बाईची गोष्ट सांगितली. जत्रेत तिचं गाणं ऐकायला अख्खा गाव लोटायचा, पण तिच्या घरी हळदीकुंकवाला कुणी पाऊल टाकायचं नाही. "आम्ही मुली तिच्या अंगणातली अबोली चोरायचो. तिला ठाऊक असायचं. ती काही बोलायची नाही." इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री पुस्तक पुढे गेलंच नाही.

'भावीण' संपल्यावर मी राजाराम पैंगीणकरांचं आत्मचरित्र 'मी कोण?' मिळवलं. पैंगीणकर त्याच, देवदासींच्या समाजात जन्मले आणि त्यांनी ती देवदासी प्रथा मोडून काढण्यासाठी आयुष्य घातलं. कादंबरीनंतर हे वाचणं फार मोलाचं. कादंबरीकार बाहेरून कितीही कळवळ्याने बघत असला तरी ज्याच्या स्वतःच्या घरात ते घडलं त्याचा आवाज वेगळाच असतो. ही दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचा असं मी आग्रहाने सांगेन, आणि याच क्रमाने.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे महाबळेश्वर सैलांची 'तांडव'. सोळाव्या शतकातल्या गोव्यातल्या धर्मांतरांवरची कादंबरी. जाडजूड आहे, पण मी ती बरीचशी फेरीबोटीवरच वाचली. चोडणच्या माणसाने ही कादंबरी फेरीबोटीवर वाचणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळायचं नाही. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा आमच्या चोडणचा. पोर्तुगिजांच्या राज्यात देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा मूर्ती आधी मयेला नेली आणि तिथून माशेलला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला. लहानपणापासून ही नावं आरतीसारखी पाठ होती. 'कुलदैवत पलीकडे गेलं' असं घरात सहज बोललं जातं, जणू ते भाड्याचं घर बदलून गेलं. कादंबरीत ती माणसं दिसली. रात्री काय उचलायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवणारी, जे मागे राहिले त्यांच्याशी कायमची ताटातूट होणारी. एकाच घरातला एक भाऊ गेला, एक राहिला. दोघेही आपलेच. सैल कुणालाही सोपा खलनायक करत नाहीत, हे मला फार भावलं. पुस्तक मिटून वर बघितलं की समोर तेच पाणी.

माशेलला आमची फेरी वर्षातून होतेच. यंदा देवळात मुलीने देवकीच्या कडेवरचा कृष्ण नीट निरखून पाहिला आणि विचारलं, "आई, त्यांनी हिला होडीतून नेलं असेल ना?" 'तांडव'बद्दल घरात जे बोलणं व्हायचं ते ती सगळंच ऐकत होती, झोपलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

वाचायला वेळ कुठून काढायचा हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. माझा अनुभव असा की तुकड्या-तुकड्यांच्या वेळेला कथासंग्रहापेक्षा कादंबरीच सोयीची. लोक उलटं समजतात. कथा लहान म्हणून ती चटकन होईल असं वाटतं, पण प्रत्येक कथेला नव्याने माणसं ओळखायची, नव्याने घर बघायचं, आणि एका बैठकीत संपली नाही तर तिचा परिणामच जातो. कादंबरीत एकदा रुळलं की बसच्या रांगेत तीन पानं, उकड्या तांदळाच्या भाताचं आधण येईपर्यंत चार पानं, असं चालतं. कथासंग्रह मी रविवारसाठी ठेवते. वि. स. सुखटणकरांच्या 'सह्याद्रीच्या पायथ्याशी'मधल्या कथा अशा रविवारी वाचल्या, दर रविवारी एकच. गोव्यातल्या खेड्यांतली माणसं त्यांच्याइतकी जिवंत फार कमी ठिकाणी भेटतात.

परतीची तारीख हा वाचकाचा मोठा आधार आहे. विकत घेतलेली कितीतरी पुस्तकं माझ्या कपाटात 'वाचू कधीतरी' म्हणून पडून आहेत. लायब्ररीच्या पुस्तकाला मुदत असते, म्हणून ते आधी वाचलं जातं. जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायला मला आवडतं. एका कादंबरीच्या चिठ्ठीवर शिक्के आधी दाट होते, दर पंधरवड्याला एक, मग विरळ होत गेले, आणि शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा, निळी शाई पार जांभळट पडलेली. म्हणजे मधली इतकी वर्षं ते कुणी उघडलंच नव्हतं. असं पुस्तक मी हटकून घरी आणते. जे पुस्तक कुणीच नेत नाही त्याच्यावर जागेअभावी एखाद्या दिवशी गदा येऊ शकते. ते बाहेर फिरत राहिलं पाहिजे.

आता पावसाळा. गोव्यात लायब्ररीचं पुस्तक सांभाळणं हे वेगळंच काम आहे. जूनपासून हवेत इतका ओलावा असतो की चपलांना, पिशव्यांना, लाकडी कपाटाला बुरशी धरते. पुस्तक तर कागदच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायचं-आणायचं, पण घरी आल्यावर पिशवीतच ठेवायचं नाही. आत दमटपणा कोंडतो आणि पानांवर पिवळे ठिपके येतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ती भिंत पाणी ओढते. मी पुस्तक स्वयंपाकघरालगतच्या फळीवर उभं ठेवते, तिथे चुलीच्या उबेने हवा कोरडी राहते. कधी भिजलंच तर उन्हात टाकू नका आणि इस्त्री तर अजिबात फिरवू नका. पानांत कोरे कागद घालून पंख्याखाली ठेवा, आणि परत करताना काउंटरवर सांगा. जुन्या पुस्तकांना कसर लागलेली असेल तर तेही तिथेच दाखवा, घरातल्या कपाटात नेऊ नका.

त्रास काय आहेत? जुन्या पुस्तकांचं पुन्हा बाइंडिंग करताना आतली बाजू इतकी शिवली जाते की ओळीचं शेवटचं अक्षर शिवणीत जातं. पुस्तक जोराने उघडलं तर पाठ उकलते. हे सगळीकडेच होतं आणि त्याला इलाज नाही, उजेडात धरून वाचायचं. मी एका छोट्या वाचनालयाचीही सभासद आहे, नाव घेत नाही. तिथे पुस्तकांची यादी वहीत आहे आणि ती वही ज्या कपाटात असते त्याची किल्ली एकाच माणसाकडे. तो नसला की परत फिरायचं. शिवाय एका दोन खंडांच्या कादंबरीचा दुसरा खंडच तिथून गायब. पहिला वाचून झाल्यावर असं कळणं फार जिव्हारी लागतं. तुम्ही दोन भागांचं काही आणत असाल तर दोन्ही भाग आहेत का ते आधी बघा आणि शक्य असेल तर दोन्ही एकदमच घ्या.

तरीही ते छोटं वाचनालय मी सोडणार नाही. तिथे दिवाळी अंकांची योजना आहे. वर्गणी भरली की अंक आळीपाळीने मिळत राहतात, आणि तिथल्या काकांना कोण काय वाचतं ते तोंडपाठ आहे. "हे तुम्हाला आवडेल" म्हणून ते जे काढून देतात ते सहसा आवडतंच.

कार्ड कुणी काढावं? ज्यांच्या घरात वाचून दाखवायला आणि ऐकायला माणसं आहेत त्यांनी नक्की. निवृत्त झालेल्यांनी, कॉलेजच्या मुलांनीही. दक्षिण गोव्यातल्या लोकांना पणजीपर्यंत यायची गरज नाही. नावेलीला फ्रान्सिस्को लुईस गोम्स यांच्या नावाचं जिल्हा ग्रंथालय आहे. हे गोम्स नावेलीचेच, गोव्यातल्या माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी त्यांची, १८६६ सालची, पोर्तुगीज भाषेतली. ती मला अनुवादातून वाचायची आहे. पण त्याआधी सावईवेऱ्याच्या लक्ष्मणराव सरदेसायांचे जुने कथासंग्रह हवे आहेत. पुढच्या फेरीत 'तांडव' परत करताना विचारणार आहे. कुणाच्या घरी माळ्यावर त्यांचा एखादा संग्रह पडून असेल तर कसर लागायच्या आत खाली काढा आणि एकदा वाचा. नको असेल तर जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.