शंभर एएचची बॅटरी अडतीसमध्येच आटोपली

घरच्या सोलर पॅनलसाठी पुण्यातल्या एका दुकानातून 12.8 व्होल्ट, 100 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअर करंट शंभर तास पुरवण्याइतकी क्षमता) लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण गंडवण्याची ही तऱ्हा त्या एकट्याची नसावी, म्हणून सविस्तर सांगतो.

दुकानदाराने आधी मल्टिमीटर लावला. 13.3 व्होल्ट. "बघा साहेब, फुल्ल!" मग मोबाइलवर बीएमएसचं (बॅटरीच्या आत सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं) अ‍ॅप उघडलं: क्षमता 100 एएच, चार्ज 100 टक्के. या दोन्हींनी काहीच सिद्ध होत नाही. अशा बॅटरीत चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि प्रत्येकाचं व्होल्टेज चार्ज बराच उतरेपर्यंत 3.2-3.3च्या आसपास रेंगाळतं. थकलेला सेलही मीटरवर तरणाताठा दिसतो. आणि अ‍ॅपमधली क्षमता मोजलेली नसते, सेटिंगमध्ये हाताने भरलेली असते. तिथे 200 टाका, अ‍ॅप बिचारं 200 दाखवेल.

घरी आणल्यावर वजनकाट्यावर ठेवली तर सात किलोसुद्धा भरेना. 100 एएचचा चांगला सेल एकटाच साधारण दोन किलोचा असतो. चार सेलचे आठ, वर पेटी आणि तारा. इथेच पाल चुकचुकली.

मग आर्डुइनो नॅनो (कोड भरून चालवायचा छोटा बोर्ड), करंट मोजणारा 20 अँपिअरचा एसीएस712 सेन्सर आणि नोंदी साठवायला एसडी कार्डाचं मॉड्यूल जोडलं. बॅटरीचं व्होल्टेज नॅनोच्या पिनला थेट सोसणार नाही, म्हणून 30 आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर लावून त्याचा चौथा हिस्सा मोजला. लोड म्हणून गाडीच्या हेडलाइटचे 55 वॉटचे दोन बल्ब, मिळून साधारण नऊ अँपिअर. (बल्ब भयंकर तापतात, लाकडी टेबलावर ठेवू नका.) नॅनो सेन्सरचं रीडिंग 0 ते 1023 मध्ये देतो; करंट शून्य असताना ते बरोबर मधलं, 512, येईलच असं नाही. जो आकडा येईल तो टिपून कोडमध्ये वजा करा आणि डीसी क्लॅम्पमीटरशी (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरशी) ताडून पाहा, नाहीतर दुकानदार पहिलं बोट तिथेच ठेवतो. दर सेकंदाला करंटची नोंद आणि त्याची चालू बेरीज, एवढंच कोडचं काम.

अकरा तास जळायला हवे होते ते बल्ब सव्वाचार तासांत विझले. बेरीज 38 एएच. अ‍ॅप त्या क्षणी म्हणत होतं, 62 टक्के चार्ज शिल्लक! त्याच अ‍ॅपच्या दुसऱ्या पानावर विझण्याआधी तीन सेल 3.2ला होते आणि चौथा 2.5पर्यंत घसरलेला, म्हणून बीएमएसने बॅटरीच बंद केली. म्हणजे कुठले तरी जुने, बेमेळ सेल एका पेटीत कोंबून वर नवं स्टिकर.

दुकानदार म्हणाला, "पाच-सहा सायकल (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) होऊ द्या, बॅटरी हळूहळू खुलते." परत घेण्याची मुदत होती सात दिवसांची, हे खुलण्याचं खरं कारण. मी तिथेच हटून बसलो तेव्हा सूर बदलला: "वॉरंटी बीएमएसची आहे, सेलची नाही. आणि ते खेळण्यातलं सर्किट आम्ही मानत नाही."

पावतीवर नुसतं 'लिथियम बॅटरी, 1 नग'. एएचचा पत्ताच नाही. पावतीवर एएच, सेलचा प्रकार आणि सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या हातात त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा '100 एएच गॅरंटी' हा मेसेज होता, म्हणून निभावलं. तो मेसेज, काट्यावरचा फोटो आणि लॉगची फाइल जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915वर, तक्रार केली. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 2019च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो.

आता त्याचाच फोन येतो, अर्धे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या म्हणून. पूर्ण रक्कम खात्यात दिसेपर्यंत बॅटरीही माझ्याकडे आणि तक्रारही, असं कळवलंय.