डी.एल.एड. की बी.एड.?

बारावीचा निकाल लागला की राधानगरी, गगनबावड्याकडची पोरं कोल्हापुरात चौकशीला येतात. मास्तर व्हायचंय, पण कुठल्या वाटेनं?

डी.एल.एड. म्हणजे आपलं जुनं डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं, की पहिली ते पाचवीला शिकवायची पात्रता. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मात्र द्यावीच लागते. मध्यंतरी याला कोणी विचारत नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकसाठी बी.एड. चालणार नाही असं सांगितलं, आणि पदविकेचा भाव पुन्हा वधारला.

बी.एड.ला आधी पदवी, वर दोन वर्षं. म्हणजे बारावीनंतर निदान पाच. हायस्कूल, एम.एड. अशी दारं उघडतात खरी, पण पाच वर्षांचं खोलीभाडं आणि मेस दोन म्हशींच्या दुधावर भागवायचं कसं? शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली ती याच अडचणीपायी.

घरची ओढाताण असेल तर मी डी.एल.एड. आधी म्हणेन, पदवी नंतर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातूनही होते. गणित-विज्ञानाची खरी गोडी असेल, तर मात्र थेट बी.एस्सी., बी.एड. लहान पोरांत रमत नसाल तरीही तेच; पहिलीचा वर्ग सांभाळणं येरागबाळ्याचं काम नव्हे.