छताचं इस्टिमेट काढायचं ॲप : नऊ महिने वापरल्यावर

घरावर नवीन उतरतं छत टाकायचं ठरलं तेव्हा हिशेबासाठी मी फोनवर एक मोफत ॲप घेतलं. नाव देत नाही, कारण नंतर याच धाटणीची आणखी तीन-चार चाळून पाहिली आणि सगळ्यांचं गणित एकाच साच्यातलं निघालं. लांबी, रुंदी, उतार आणि पत्र्याचं माप आपण भरायचं, दरही आपणच भरायचे. मग ते क्षेत्रफळ, पत्रे, नळ्या, स्क्रू आणि तळाशी एकूण रक्कम काढून देतं. तीन महिने मी रोज त्यात काहीतरी खुडबुड करत होते. छत पूर्ण होऊन आता सहा महिने झालेत, सगळी बिलं एका फायलीत आहेत. शेवटचा आकडा ॲपच्या आकड्यापेक्षा १४ टक्क्यांनी जास्त आला. हे १४ टक्के आले कुठून, ते शोधण्यात मला छतापेक्षा जास्त रस वाटायला लागला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्याचं श्रेय त्याला. घर ९ बाय ७ मीटर, म्हणजे ६३ चौरस मीटर, आणि मी मनात तोच आकडा धरून बसले होते. ॲपने पहिल्याच पानावर विचारलं, पत्रा भिंतीच्या बाहेर किती काढणार? चारही बाजूंनी ६० सेंटीमीटर भरलं, तर जमिनीवरचं माप झालं १०.२ बाय ८.२, म्हणजे साधारण ८४. त्यावर २० अंशांचा उतार धरला की दोन्ही पाखं मिळून ८९ चौरस मीटर. ६३ चे ८९! ठेकेदारांकडून भाव मागवताना याचा फार उपयोग झाला. एकाने घराच्या चटईक्षेत्रावर दर दिला होता, दुसऱ्याने उतारावरच्या मापावर, तिसऱ्याने लोखंडाच्या वजनावर. पहिल्या दोघांच्या दरांत दिसायला बराच फरक, पण एकाच मापावर आणल्यावर दोघं जवळपास सारखेच निघाले.

पहिली चूक माझी, पण अर्धा दोष ॲपचा. उताराच्या रकान्यात मी २० लिहिलं. शेजारी बारीक अक्षरात टक्क्यांचं चिन्ह होतं ते दिसलंच नाही. २० टक्के उतार म्हणजे २० अंश नव्हेत, तो जेमतेम ११.३ अंशांचा होतो. वळचणीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर ४.१ मीटर. टक्क्यांच्या हिशेबाने पत्र्याची लांबी आली ४.१८, अंशांच्या हिशेबाने ती ४.३६. नशीब, ऑर्डर देण्याआधी एका रविवारी अंगणात खडूने पूर्ण मापाचा अर्धा त्रिकोण आखला आणि टेप लावला. नाहीतर वीसच्या वीस पत्रे आढ्यापाशी १८ सेंटीमीटर तोकडे पडले असते. तोकडा पत्रा ताणून लांब होत नाही.

आता मुख्य तक्रार. ॲपला क्षेत्रफळ कळतं, नग कळत नाहीत. माझा पत्रा १.०७ मीटर रुंद, शेजारच्यावर चढवल्यावर झाकतो १ मीटर. छताची लांबी १०.२. दहा पत्रे झाकणार १०.०७, म्हणजे १३ सेंटीमीटर उघडे. ॲपने निमूटपणे प्रत्येक पाखाला अकरावा पत्रा लावला आणि बिलात दोन पत्रे वाढवले. गणित म्हणून ते बरोबरच आहे. पण पत्रा बाहेर ६० सेंटीमीटरच काढायचा, हा काही देवाने घातलेला दंडक नव्हता. आम्ही दोन्ही टोकांना तो ५३ वर आणला, लांबी झाली १०.०६, आणि दोन पत्रे वाचले. हे ॲपने सांगितलं नाही, मी आकडे खालीवर करत बसले म्हणून दिसलं. ‘७ सेंमी कमी केल्यास २ नग वाचतील’ एवढी एक ओळ त्याने दाखवली असती तर मी त्याला पैसेही दिले असते.

नळ्यांच्या बाबतीत हेच दुखणं जास्त महागात पडतं. नऊ कैच्या, म्हणजे छत पेलणारे लोखंडी नळ्यांचे त्रिकोणी सांगाडे, प्रत्येकीला ४.३६ मीटरचे दोन वासे, खाली ७ मीटरची आडवी ताण-नळी आणि मधे १.२७ मीटरचा उभा खांब. बेरीज साधारण १५३ मीटर. ॲपने ती एका नळीच्या लांबीने, ६ ने, भागली आणि सांगितलं, २६ नळ्या. मी ती यादी वेल्डरच्या हातात दिली. त्याने ती वाचली, घडी घातली आणि परत दिली.

“ताई, दुकानात मीटर मिळत नाहीत, नळ्या मिळतात.”

मग फरशीवरच खडूने रेघा मारल्या. सहा मीटरच्या नळीतून ४.३६ चा एकच वासा निघतो, म्हणजे वाशांनाच १८ नळ्या. उरले १.६४ मीटरचे १८ तुकडे. त्यांतल्या नऊंतून नऊ उभे खांब. ताण-नळी ७ मीटरची, नळी ६ ची, तिथे प्रत्येकी १ मीटरचा जोड हवा, तो उरलेल्या नऊ तुकड्यांतून. जोड कैचीच्या मधोमध न येता भिंतीकडे येतो, आत बाही घालून वेल्ड करायचा. हे आराखडा करणाऱ्या इंजिनिअरला दाखवून घेतलं, त्याने मान्य केलं. एकूण १८ आणि ९, सत्तावीस. प्रत्येक भाग सुटा मोजून मागवला असता तर १८, ११ आणि ३ मिळून ३२ झाल्या असत्या. ॲप २६ म्हणत होतं, बेफिकीर माणूस ३२ आणतो, आणि खडूचा तुकडा हातात असलेला माणूस २७ मध्ये काम भागवतो.

पर्लिनच्या, म्हणजे वाशांवर आडव्या टाकलेल्या, पत्रे पेलणाऱ्या नळ्यांच्या बाबतीत मात्र तो खडूही चालला नाही. प्रत्येक पाखावर पाच ओळी, दहा ओळींचे १००.६ मीटर, ॲपच्या मते १७ नळ्या. पण जोड वाशावरच यायला हवा आणि वासे १.२६ मीटरवर, म्हणून प्रत्येक नळी ५.०३ वर कापावी लागली. लागल्या २०. मीटर-मीटरभर लांबीचे वीस तुकडे उरले, ते पन्हळीच्या आधारांना लावले.

एक विषयांतर, पण पैशांचंच. नळी वजनावर घेत असाल तर वजनकाट्यावर स्वतः उभे राहा. ६० बाय ४० ची २ मिलिमीटर जाडीची सहा मीटर नळी साधारण साडेसतरा किलो भरते. आमच्या पहिल्या खेपेतली साडेचौदा भरली. ती २ ची नव्हती, १.६ ची होती. बिल वजनाचं असल्याने पैसे वरकरणी बरोबर दिसत होते, फक्त कैची हलकी झाली असती. माल परत गेला, चार दिवस मोडले. पत्र्यालाही हाच प्रश्न विचारावा : सांगितलेली जाडी रंग-लेपासकट आहे की नुसत्या पोलादाची? ०.५० च्या नावाखाली आत ०.४५ असू शकतं.

ॲपमध्ये ‘वाया जाणारा माल १० टक्के’ हा एक सरसकट रकाना आहे. आमच्याकडे पत्रे मापाचेच कापून आले, वाया काहीच गेलं नाही. तरी ८८ चौरस मीटर झाकायला ९४ चौरस मीटर पत्रा विकत घ्यावा लागला, कारण बाजूचा चढाव आणि पन्हळीत उतरणारे चार बोटं. आकडा १० टक्क्यांच्या आत राहिला तो योगायोगाने. चार पाखांचं छत असतं तर तिरके काप घेताना खरंच बराच पत्रा भंगारात गेला असता, आणि ॲपने तिथेही १० च म्हटलं असतं.

स्क्रूंचा अंदाज मात्र चोख. चौरस मीटरला सहा धरून ५२८ सांगितले, आम्ही ६०० आणले, मूठभर उरले.

मग ते १४ टक्के? बहुतेक सगळे अशा गोष्टींचे, ज्यांना ॲपमध्ये रकानाच नव्हता. तिकोनी बाजूंच्या कडांवर लागणारी पट्टी : चार तिरक्या कडा, साडेसतरा मीटर. नळ्यांना गंजरोधक प्रायमर. मचाण. वाहतूक, आणि माल वर चढवण्याची मजुरी वेगळी. कडेची पट्टी आम्ही ‘नंतर बघू’ म्हणून ठेवली होती. तिसऱ्याच महिन्यात वाऱ्याबरोबर आलेला पाऊस बाजूने आत शिरला आणि कपाटावरच्या पेट्या भिजल्या. पट्टी लागली, पण मचाण दुसऱ्यांदा बांधावं लागलं, आणि त्याचा खर्च पट्टीपेक्षा जास्त झाला.

पन्हळीचा हिशेब ॲप उतारावरच्या क्षेत्रफळावर करतं. पाऊस मोजायचा तो जमिनीवरच्या मापावर. एवढ्या उताराला फरक किरकोळ, म्हणून सोडून देते. पण खाली उतरणाऱ्या नळाबद्दल ते अवाक्षर काढत नाही. एका पाखाचं आडवं माप ४१ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला ६९ लिटर पाणी, आणि आमचा एकच नळ. पहिल्या जोरदार सरीत पन्हळीच्या कडेवरून पागोळ्या नव्हे, पडदाच खाली आला. आता दोन्ही टोकांना नळ आहेत.

सहा महिने या छताखाली राहून कळलेली शेवटची गोष्ट उष्णतेची. पत्र्याखालचा उष्णतारोधक थर ॲपमध्ये ‘ऐच्छिक’ आहे, मी खूण काढून टाकली आणि रक्कम कमी झालेली बघून खूश झाले. दुपारी पत्रा तापून पसरतो, ४.४ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटर, आणि टक-टक आवाज करतो. त्याची सवय झाली, उकाड्याची नाही. तो थर आता घालायचा तर पत्रे उतरवा, स्क्रूंची जुनी भोकं जुळवा. त्यापेक्षा आतून खोटं छत करणं स्वस्त पडेल, असं वेल्डर म्हणतो. अजून ठरवलेलं नाही.

ॲप फोनवर आहे, काढणार नाही. पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या महिन्यात गाडीसाठी छोटी शेड करायची आहे. तिची लांबी मी आधीच पाच पत्र्यांची धरली आहे, ५.०७ मीटर, आणि ॲपमध्ये तीच भरली आहे.