सेंट ज्यूड, कॉटन ग्रीन: पोराची केमो चालू असताना राहायची जागा

"लेकराला टाटामध्ये न्यायला सांगितलंय, मुंबईत राहायचं कुठं?" टाटा म्हणजे परळचं टाटा मेमोरियल, कॅन्सरचं हॉस्पिटल. परभणीकडून असा फोन कुणाचा ना कुणाचा येतोच. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आमच्या पोराला रक्ताचा कॅन्सर, त्याचा इलाज दोन-अडीच वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने सगळ्यात अवघड, तेव्हा परळपासून लांब जाताच येत नाही. औषधांसाठी मदत मिळते, ट्रस्ट असतात, सरकारी योजना असते. माणूस मोडतो तो राहण्या-खाण्याच्या खर्चानं. टाटाच्या बाहेर फुटपाथवर अंथरूण टाकलेली कुटुंबं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही आधी एका लॉजवर होतो. एकच संडास सगळ्या मजल्याला, खोलीत स्वयंपाकाला मनाई. पोराचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी झालेले, डॉक्टर म्हणतात बाहेरचं काही द्यायचं नाही, आणि माझ्या हाती चूलच नाही.

सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था 2006 पासून हेच काम करते: कॅन्सरचा इलाज चालू असलेलं मूल आणि त्याचे आई-वडील यांना मोफत राहायला जागा. मुंबईबरोबर कोलकाता, दिल्ली, हैदराबाद अशा शहरांतही त्यांची केंद्रं आहेत. आम्हाला मुंबईतलं कॉटन ग्रीनचं मिळालं. प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली, रेशन, हॉस्पिटलला जायला-यायला गाडी, मुलांसाठी शिकवणी आणि खेळ, आई-बापांसाठी समुपदेशन.

मला सगळ्यात जास्त मोलाचं वाटलं ते स्वयंपाकघर. मोठी सामायिक खोली, पण प्रत्येकीचा ओटा आणि गॅस आपला. माझ्या एका बाजूला बंगालची ताई मोहरीच्या तेलात मासा परतायची, दुसऱ्या बाजूला बिहारची वहिनी सत्तू मळायची, मधे मी गावाकडून आणलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी थापायची. स्टेरॉइडच्या दिवसांत पोराला अवेळी भूक लागते. "आई, लसणाची फोडणी दे" म्हणाला की वरण उकळून, फोडणी देऊन, गरम गरम त्याच्या ताटात. लॉजवर हेच लेकरू बिस्किटावर झोपायचं. पोराचा आजार माझ्या हातात नव्हता, पण त्याचं ताट पुन्हा माझ्या हातात आलं, आणि त्यानं मला फार धीर आला.

स्वच्छतेचे नियम कडक आहेत. चपला बाहेर, हात धुतल्याशिवाय आत नाही, आपली खोली आपणच लखलखीत ठेवायची. सुरुवातीला काही जणी कुरकुरतात. पण इथल्या प्रत्येक लेकराची प्रतिकारशक्ती कमी असते, साधा सर्दी-खोकलाही महागात पडतो. नियम कडक आहेत तेच बरं. बापमाणसांना तिथं एकमेकांशी बोलायला मिळतं हीसुद्धा मोठी गोष्ट. आमचे हे घरात कधी रडले नाहीत, तिथं एका ओडिशाच्या भाऊंजवळ मोकळे झाले.

थेट जाऊन दार वाजवलं तर जागा मिळत नाही. नाव हॉस्पिटलकडूनच जावं लागतं. म्हणून हॉस्पिटलात पोराची फाइल निघाली की त्याच दिवशी तिथल्या सोशल वर्कर मॅडमना भेटा, गावाकडून आलोय, राहायची सोय नाही, हे स्पष्ट सांगा. लाजू नका. आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स जवळ ठेवा. लगेच जागा नसेल तर नाव देऊन ठेवा, दर भेटीला विचारा, आणि तोवर गाडगे महाराज मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत चौकशी करा.

आणि पोळपाट-लाटणं, तवा घरून आणा. हात बसलेली भांडी बरी पडतात.