रोडस्टर, जीआर ८६ का फेअरलेडी झेड: जपानमध्ये आत्ता घ्यायची तर कुठली?

योकोहामात माझा एक मित्र राहतो, मूळचा सांगलीचा, तिशीतला, लग्न ठरलंय. मागच्या आठवड्यात रात्री साडेबाराला त्याचा मेसेज, दादा स्पोर्ट्स कार आता नाही घेतली तर परत कधी मिळणारच नाही असं वाटायला लागलंय, माझदाची रोडस्टर घेऊ, टोयोटाची ८६ घेऊ का सगळी सेव्हिंग घालून निस्सानची झेड घेऊ. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकतो, अजून चार जण याच फेऱ्यात असतील.

त्याची घाबरगुंडी खोटी नाहीये. २६ ऑगस्ट २०२५ ला निस्सानच्या तोचिगी प्लांटमधून शेवटची आर ३५ जीटी-आर बाहेर पडली, अठरा वर्षं आणि साधारण ४८ हजार गाड्या, विषय संपला. (हीच गाडी २०१६ मध्ये भारतात १.९९ कोटी रुपयांना आली होती, तेव्हा आम्ही सगळे फक्त ब्रोशरचे फोटो फॉरवर्ड करत होतो.) सुप्राचं उत्पादन मार्च २०२६ पर्यंतच असं टोयोटाने आधीच सांगून टाकलेलं, आणि ती तशीही ऑस्ट्रियात ग्राझला बीएमडब्ल्यू झेड ४ च्या जोडीने बनायची, मोठ्या भावाने घर सोडलं की धाकट्याचंही सामान बाहेर. होंडाची एनएसएक्स आणि चिमुकली एस ६६० दोन्ही २०२२ ला गेल्या, सुबारूने त्याच वर्षी नवीन डब्ल्यूआरएक्सवर पेट्रोल एसटीआय, म्हणजे तिचं सगळ्यात दणकट मॉडेल, येणार नाही म्हणून सांगितलं, मित्सुबिशीची इव्हो तर २०१६ लाच संपली. वर जखमेवर मीठ म्हणजे जुनी नावं काढून भलत्याच गाड्यांना चिकटवतात. इक्लिप्सचं नाव एसयूव्हीला गेलं, आणि २०२५ ला प्रील्यूड परत आली म्हणून आम्ही उड्या मारल्या तर ती हायब्रिड, क्लच पेडलच नाही, एस प्लस शिफ्ट म्हणून गिअर पडल्याचा भास देणारी सिस्टीम आहे. गाडी वाईट नाहीये हो, पण साठ लाख येनच्या वर मोजून भास कशाला विकत घ्यायचा?

एक मात्र, हे रडगाणं नवीन नाही. २००२ च्या ऑगस्टमध्ये स्कायलाईन जीटी-आर, आरएक्स-७, सुप्रा, सिल्व्हिया एका झटक्यात बंद झाल्या होत्या, जपानचे धुराचे नियम कडक झाले म्हणून. आता युरोपचे सेफ्टी आणि आवाजाचे नियम आहेत (८६ तिथून २०२४ ला गेली, नवीन झेड तर तिकडे विकलीच नाही), आणि पैसा सगळा हायब्रिड आणि इलेक्ट्रिककडे चाललाय. निस्सानचं तर दुखणंच वेगळं, २०२४-२५ च्या आर्थिक वर्षात ६७० अब्ज येनचा तोटा, वीस हजार लोक कमी करणार, सतरा प्लांटचे दहा करणार. अशा घरात स्पोर्ट्स कारचे लाड किती दिवस चालतील हे ज्याचं त्याने ओळखावं.

आता मुद्द्यावर. तिन्ही गाड्यांत सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, तिन्ही मागच्या चाकांवर चालतात आणि तिन्हींना हाताने ओढायचा खराखुरा हँडब्रेक आहे, बटण नाही.

रोडस्टर म्हणजे बाहेरच्या जगाची एमएक्स-५, हिरोशिमात बनते. जपानमध्ये कापडी छताची गाडी दीड लिटरची आहे, १३६ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), आणि हे वाचून तुम्ही नाक मुरडाल कारण तेवढी पॉवर आता साध्या हॅचबॅकमध्येही मिळते. पण वजन १०१० किलोपासून सुरू होतं. माझ्या कलीगची आहे, मी हाकोनेच्या घाटात चालवली, सेकंड गिअरमध्ये सात-साडेसात हजारापर्यंत इंजिन ताणलं तरी गाडी हाताबाहेर जात नाही, आणि घाटात गिअर टाकायला हात हलवावा लागत नाही, नुसतं मनगट. छत उघडायला मोटर नाही: सिग्नलला थांबलो, डोक्यावरचा एकच खटका सोडला, बसल्या बसल्या एका हाताने कापड मागे ढकललं, टक् असा आवाज, झालं, सिग्नल अजून लालच. माझदावाले याला जिन्बा इत्ताई म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. जाहिरातीतलं वाक्य म्हणून मी हसायचो, त्या दिवसापासून हसत नाही.

तोटे पण ऐका. ग्लोव्हबॉक्सच नाही, कप होल्डर कोपराच्या मागे कुठेतरी, डिकी १३० लिटरची. टोकियोतल्या शिन-ओकुबोच्या दुकानांतून दहा किलो तांदूळ, आटा आणि डाळी आणल्या तर बायकोला ट्रेनने या म्हणावं लागेल. सहा फुटाच्या वर असाल तर आधी बसून बघा. आणि सगळ्यात स्वस्त एस मॉडेल तीस लाख येनच्या आतबाहेर मिळतं खरं, पण त्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (वळणात एकच चाक नुसतं फिरू न देणारा) नाही आणि मागे अँटीरोल बारही (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) नाही. काही लोकांना तीच हलकी झुलणारी गाडी आवडते, मला वरचं एस स्पेशल पॅकेज बरं वाटतं.

जीआर ८६ पण साधारण त्याच पैशांपासून सुरू होते, बनते सुबारूच्या गुन्मातल्या प्लांटमध्ये, तिची जुळी बहीण बीआरझेड. २.४ लिटर बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरचं इंजिन), २३५ पीएस, वजन १२७० च्या आसपास. पहिल्या पिढीत मधल्या आरपीएमला इंजिन जरा झोपायचं, ते आता गेलं, ३७०० लाच पूर्ण टॉर्क येतो. मागच्या सीटवर माणूस बसतो असं कंपनी म्हणते, मी म्हणेन बॅग बसते, फार तर लहान मूल. पण त्या सीट पाडल्या की चार टायर आत मावतात, ट्रॅकला जाणाऱ्यांसाठी मुद्दाम तसं केलंय, आणि ट्रॅकला न जाणाऱ्यांसाठी तिथे तांदूळ, आटा, गणपतीचं मखर सगळं मावतं. आवाजात मजा नाही, बॉक्सरचा घोगरा सूर कानाला गोड लागत नाही. सर्किटवर नियमित जाणार असाल तर लांब वळणांत ऑइल प्रेशर कमी होण्याबद्दल मालकांत काय बोललं जातं ते आधी नीट वाचा.

झेड. ३ लिटर ट्विन टर्बो व्ही ६, ४०५ पीएस, वजन सोळाशे किलोच्या आगेमागे, किंमत पंचावन्न लाख येनच्या घरात आणि पुढे. दिसायला तिघींत सुंदर, यात वादच नाही, संध्याकाळी दाइकोकु पीएमध्ये (योकोहामातला एक्स्प्रेसवेचा पार्किंग एरिया, गाडीवेड्यांचा अड्डा) उभी केली की लोक येऊन बोलतात. पण जपानमध्ये सगळ्यात जास्त स्पीड लिमिट १२० आहे, तेही शिन-तोमेई एक्स्प्रेसवेच्या तुकड्यावर आणि अशा काही मोजक्याच रस्त्यांवर, मग हे चारशे घोडे बांधायचे कुठे? थर्ड गिअर संपायच्या आत तुम्ही गुन्हेगार. घाटात ती रुंद वाटते आणि प्लॅटफॉर्म आधीच्या झेडचाच आहे हे वळणात कळतं. रोज एक्स्प्रेसवेने दोनशे किलोमीटर करणाऱ्याला द्या, तो खूश राहील.

वर्षाचा रोड टॅक्स इंजिनावर असतो, म्हणजे रोडस्टरला ३०,५०० येन, ८६ ला ४३,५००, झेडला ५०,०००. पेट्रोल तिघींनाही महागडं हाय-ऑक्टेनच.

जुनी घ्यायचं डोक्यात असेल तर माझी गोष्ट ऐका. २०१६ ला जपानला आलो तेव्हा एक चांदीच्या रंगाची होंडा एस २००० बघून ठेवली होती, परवडत होती, पण म्हटलं बोनस येऊ दे. बोनस आला, गाडी गेली होती. पुढच्या वर्षी दुसरी दिसली तर किंमत चढलेली, म्हटलं उतरेल. उतरली नाही, आजतागायत. अमेरिकेत २५ वर्षं जुनी गाडी सहज आयात करता येते, त्यामुळे आर ३४ स्कायलाईन जीटी-आर वगैरे २०२४ पासून तिकडे निघाल्या, आणि आपण इथे फक्त भाव बघायचे. पण याचा उलटा अर्थ काढून पुढे भाव येईल म्हणून झेड घेऊन झाकून ठेवायची असेल तर सरळ एफडी करा. शाकेन (ठराविक वर्षांनी करावी लागणारी सक्तीची तपासणी), टॅक्स, पार्किंग सगळं उभ्या गाडीलाही लागतं आणि तेरा वर्षांनी टॅक्स वाढतो. आणि पुण्याला घेऊन जाऊ हा विचार काढून टाका, तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी भारतात आणता येत नाही, नवीनच्या ड्युटीचा आकडा ऐकून माणूस गप्प बसतो.

मी त्याला लिहिलं, दोघंच असाल आणि शनिवारी हाकोने होणार असेल तर रोडस्टर एस स्पेशल, डोळे झाकून. पुढच्या तीन-चार वर्षांत घरी पाळणा हलणार असेल किंवा एकच गाडी ठेवायची असेल तर ८६, थोडं मन मारून. झेड नको. आणि सही करायच्या आधी बिल्डिंगच्या मेकॅनिकल पार्किंगची (यंत्राने गाडी उचलून कप्प्यात ठेवतात ते) पाटी वाच, कारण पार्किंगचा दाखला मिळाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. रोडस्टर १७३५ मिमी रुंद, ८६ १७७५, झेड १८४५. आमच्याकडे १८०० ची मर्यादा आहे, माझा प्रश्न तिथेच मिटला होता.

सकाळी त्याचा रिप्लाय आला, नुसता पाटीचा फोटो. कमाल रुंदी १८५०. खाली लिहिलंय, "दादा पाच मिमी शिल्लक आहेत, म्हणजे झेड बसते ना?"